इमरानच्या मित्राला मी ठेचलं

बायांनो, ईदला नेलेले माझे डबे परत करायचं विसरलात, निदान हे तरी लक्षात ठेवा. मी सांगते, सून कॉम्प्युटरवर उतरवून तुम्हाला पाठवते.

आज नातवाच्या, इमरानच्या नर्सरीत ‘समुद्रातले मित्र’ असा खेळ होता. म्हणून मी इथल्या मुहर्रकच्या मासळी बाजारातून जिवंत कुर्ली नेली, चांगला मोठा खेकडा. नांग्या दोऱ्याने करकचून बांधल्या होत्या.

टीचर म्हणाली, “मित्रांना दुखवायचं नाही.” झालं! आमच्या इमरानसाहेबांनी कागद कापायची कात्री घेतली आणि दोरा कापला. कुर्लीने शेजारच्या पोरीचं बोट धरलं. रक्त आलं, पोर किंचाळली. मी लाकडी ठोकळा उचलला आणि कुर्लीच्या पाठीवर घालत राहिले. खलास! कवचाचे तुकडे पोरांच्या चित्रांवर उडाले.

बोट सुटलं. तेवढ्यात इमरानने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. “दादी, यू किल्ड माय फ्रेंड!”

चाव्याचं काही नाही, दात माझ्यावरच गेलेत. पण दुपारपासून तो माझ्या हातचा घास घेत नाही. उपाशी आहे. तुम्ही काय केलं असतंत?

उत्तर सावकाश द्या. आधी कोणीतरी डाळभात पाठवा, माझ्याच डब्यात. मासळीचा वासही नको.