इथं साप नाही

संघप्रिया सिस्टर हसल्या की हुपरीच्या अर्ध्या गल्लीला कळायचं. लस टोचायला आणलेली पोरं सुईपेक्षा त्या हसण्यालाच दचकायची, आणि तेवढ्यात टोचून व्हायचं. एक्याण्णव साली त्या इथल्या सरकारी दवाखान्यात आल्या आणि पंधरा वर्षांत घरोघरच्या झाल्या. कुणाच्या सुनेला कितवा महिना, हे त्या घरातल्या पुरुषांच्या आधी सिस्टरना ठाऊक असायचं.

अशा बाईचं हसू एक दिवस बंद पाडलं एका सापानं, तेही कॉम्प्युटरमधल्या.

झालं असं, की आरोग्य मेळाव्यासाठी कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या शशिधरनं मुली वाचवा म्हणून सापशिडीचा खेळ तयार केला. लसीची शिडी, शाळेची शिडी, सगळं झकास. सोंगटी म्हणजे हिरव्या लुगड्यातली बाई. पण सत्त्याण्णवच्या घरात भलामोठा साप होता आणि त्याच्या अंगावर लिहिलं होतं, गर्भपात. तो चावला की पडदा काळा व्हायचा, बाळ रडायचं आणि अक्षरं यायची, 'आई, मला का मारलंस?' बाई घसरत थेट दोनवर.

शुक्रवारी शाळेत बायकांना बोलावून खेळ करून बघितला. सिस्टरच्या हातात माउसचा बाण चौफेर भटकला, पण चांदीकाम करणाऱ्या बसव्वाला तो लगेच वश झाला. पैंजणाच्या बारीक कड्या जोडणारी बोटं ती. बायका तिला चढवत होत्या, ती हसत होती. मग सत्त्याण्णव आलं. बाळ रडलं. बसव्वा उठली आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

का गेली ते एकट्या सिस्टरना कळलं. बसव्वाला तिसरा महिना होता आणि तिच्या हृदयाची झडप खराब होती. हे बाळंतपण जिवावर बेतेल, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन लेकींकडं बघून, रडून-रडून, ती आणि नवरा रामलिंग गर्भपाताला तयार झाले होते. सोमवारी जायचं ठरलं होतं.

संध्याकाळी सिस्टर तिच्या घरी गेल्या. बसव्वानं कड्यांवरची नजर उचलली नाही.

"मला न्हाय जायाचं, सिस्टर. त्या डब्यातलं बाळ मलाच इचारतंय."

सिस्टरनी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं, पण व्यर्थ.

शनिवारी क्लास उघडायच्या आधी त्या शशिधरच्या दारात उभ्या होत्या. बसव्वाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"मास्तर, साप बदला."

"का? गर्भपात पापच की," शशिधर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "माझ्या चुलतीनं सुनेच्या दोन पोरी पाडायला लावल्या. पोटात पोरगी हाय म्हणून. मला राग येतो, सिस्टर."

"येऊ द्या की. मलाबी येतोय. पण तुमचा साप चुकीच्या माणसाला चावतोय." सिस्टरनी स्टूल ओढलं. "पोरगी नको म्हणून पाडणं निराळं. बाईचा जीव वाचवायला डॉक्टरनं सांगणं निराळं. दोन्ही एकाच सापाच्या तोंडात कशी घातलीसा? आणि पोरगी पाडायला लावली चुलतीनं, तर घसरायची सून व्हय?"

शशिधरनं कॉम्प्युटर चालू केला. मग म्हणाला, "काय करू, सांगा."

दुपारपर्यंत दोघं बसून होते. "मशिनवर पोरगं का पोरगी सांगणारा डॉक्टर काढा," सिस्टर सांगत होत्या. "चष्मा घाला. पोट वाढवा. अजून वाढवा." पोट बुशशर्टाच्या बाहेर आलं तेव्हा सिस्टरचं हसू परत आलं. गल्लीला कळलं.

रविवारी मेळाव्यात खुर्च्या पुरेनात. सत्त्याण्णवला आता बाई जागच्या जागी राहायची आणि पोट सांभाळत डॉक्टर घसरायचा, त्याच्या मागोमाग तपासणीला पाठवणारी घरची मंडळी. बाळाचं रडणं काढून टाकलं होतं. बायकांनी हसत तोंडाला पदर लावले. सासूपणात मुरलेल्या बायडाबाई तर सारख्या म्हणत होत्या, "परत पाड त्याला."

सिस्टरनी बसव्वाला हाताला धरून आणलं. "एक डाव. मग जा घरी."

त्रेसष्टच्या घरात प्रत्येक सोंगटी थांबलीच पाहिजे, असं सिस्टरनी शशिधरकडून करून घेतलं होतं. बसव्वाची सोंगटीही थांबली. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, 'आईच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांचं ऐका. इथं साप नाही.'

तिनं ते पुन्हा वाचलं.

"ह्ये घर माझ्यासाठी घातलंय?"

"तुझ्या एकटीसाठी न्हाय गं," सिस्टर हळू म्हणाल्या. "लई जणी हाईत."

बसव्वानं आजूबाजूच्या बायकांकडं बघितलं. दोघींनी नजर खाली घातली, एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बसव्वा डोळे पुसून पुढं खेळली आणि ढेरपोट्या डॉक्टरला स्वतःच्या हातानं दोनवर पाडून आली. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

उठता उठता बसव्वानं विचारलं, "उद्या कोल्हापूरची पहिली गाडी कितीला हाय?"

"सहाला. मी येत्येय."

पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात बसव्वानं सिस्टरना लागोपाठ तीन डाव हरवलं.