टोमॅटोसाठी पेटवलेली शेगडी

मंडळी, आजच घडलेलं लिहितोय.

इथे अमिरातीत, अल ऐनच्या थंडीत टोमॅटो गारठतात, म्हणून आज पहाटे फजरच्या नमाजानंतर परसातल्या ग्रीनहाऊसमध्ये कोळशाची शेगडी ठेवली. ऊब टिकावी म्हणून प्लास्टिकची भोकं टेपने बुजवली. मांजरीने फाडलेलं एक मोठं भोक राहिलं, कारण टेप संपली.

बकाल्यातून, म्हणजे जवळच्या किराणा दुकानातून, नवी टेप घेऊन परतलो, तर कोथिंबीर खुडायला गेलेली अम्मी आत जमिनीवर बसलेली. डोकं गरगरतंय म्हणाली, उठता येईना. मी तिला ओढतच बाहेर काढलं. मुलगी दारातून विचारत होती, "बाबा, व्हाय इज दादी नॉट स्टँडिंग?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या धगीतून विषारी वायू सुटतो, त्याला वासही नसतो. मग विचारलं, "आत हवा कुठून येत होती?"

मी मांजरीचं भोक सांगितलं. टेप खिशातच होती.

अम्मी आता बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह. गरगरणं थांबल्यावर तिने पहिलं विचारलं, "टोमॅटो जगले ना रे?"

थंडीत दारं-खिडक्या लावून तुमच्याकडेही शेगडी पेटते का? मी हे सगळं तिच्या उशाशी बसून लिहितोय, आणि मांजरीचं ते भोक आता तसंच ठेवणार आहे.