सपाट कोपरा

साकोलीत मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाईक नसलं की दुकानामागे बसून ते लहानपणच्या व्हिडिओ गेमचा अख्खा नकाशा तलावाच्या मातीत घडवतात. गेममध्ये तळं सखल भागात होतं. यांनी ते चढावर नेलं, पाळही घातली.

"वर नसन तं वावराले पाणी कसं येईन?"

गेममध्ये वावर नव्हतंच.

शेवटचा कोपरा मात्र सपाट आहे. लहानपणी खेळताना तिथवर पोचायच्या आत दरवेळी लाइट जायची आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. मी तिथला किल्ला मोबाइलवर शोधून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चिखलाचा अंगठा स्क्रीनवर दाबला.

"दाखवू नका, भाऊ. मी पोचलोच नाई अजून."

मग माती वाळू नये म्हणून त्यांनी त्या कोपऱ्यावर ओलं पोतं टाकलं.