मनगटाजवळची रेघ

सणसरहून बारामतीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते आजोबा रोज असत. थंडीने त्यांचे हात राखेसारखे पांढरे पडत आणि डाव्या हातावर नखाने ओढलेल्या दोन-चार रेघा दिसत. एकेक रेघ म्हणजे बाजारातलं एकेक काम. काम उरकलं की ते खिशातल्या बाटलीतलं खोबरेल बोटावर घेऊन तेवढीच रेघ पुसत. मनगटाजवळची एक रेघ मात्र परतीच्या गाडीतही तशीच असे.

एकदा मी विचारलं, "आबा, हे काम रोजच राहतं का?"

"राहू द्यायचं," ते म्हणाले. "मी इसरभोळा, म्हणून आमची मंडळी सकाळी रेघा मारायची. जाऊन दोन वर्सं झाली, अजून मारती. समदी कामं उरकली, तर ती कशाला यील?"

शेजारची बाई हसली. "काकूंना फोन करायला सांगा की."

"तिकडं रेंज न्हाय," असं म्हणून तेही हसले.

मला हसू आलं नाही. माझी आई दिवाळीनंतर गेली. टाचांच्या भेगांसाठी तिने ग्लिसरीन मागवलं होतं. मी ते घेऊन पोचले तेव्हा ती नव्हती. बाटली कपाटात न उघडता पडून होती.

दुसऱ्या दिवशी जागी झाले, तर माझ्या मनगटाजवळ एक पांढरी रेघ होती. नखं तर मी कालच कापली होती. हात उलले होते, खाजत होते. मी ग्लिसरीनची बाटली काढली, झाकणावर बोटं ठेवली आणि ती तशीच परत कपाटात ठेवून दिली.