जाळीवरचा फ्लेक्स

अप्पा ज्या मालकांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक पांढरी मोटार आहे. एरवी ती शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. मालकांच्या वाढदिवसाला बाहेर निघते आणि मिरवणुकीत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने गावातून फिरते.

दोन वर्षांपूर्वी ती भर चौकात तापली. बॉनेटमधून वाफ आली, मालक बघायला उतरले आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर गंजाचं पाणी उडालं. सगळ्यांसमोर ते अप्पांना म्हणाले, "पुढच्या बारीला तापली तर चावी टेबलावर ठिवायची अन् कोयता उचलायचा."

लोक हसले. मी चौथीत जाईपर्यंत दर दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जायचो. अप्पा गाडी शिकले, गावातच ही नोकरी लागली, म्हणून माझी शाळा एका जागी झाली. आता मी अंबाजोगाईला मेकॅनिकल शिकते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ते वाक्य आम्हाला चेष्टेचं वाटलं नाही.

गेल्या वर्षी वाढदिवसाच्या आधी मी सुट्टी काढून आले. गावातले गॅरेजवाले चाचा आणि मी, दोघांनी गाडी खोलली. खरं काम चाचांचंच होतं. मी वही धरून विचारत राहायचे. रेडिएटर काढून धुतला, त्यातून लाल चिखल निघाला. फॅनचा पट्टा सैल होता, तो बदलला. पाण्याचा पंप गळत होता, त्याची दुरुस्ती केली. मग गाडी उभी ठेवून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला. अप्पांनी ती परळीपर्यंत नेऊन आणली. काटा मध्यावरच.

"बेटा, अब इसको कुछ नै होता," चाचा म्हणाले.

मीही वहीत 'दोष दूर' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

वाढदिवसाच्या सकाळी पोरांनी गाडी सजवली. मालकांनी मला मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन घेऊन बसायला सांगितलं. "इंजिनियर बाई संगट असू द्या," म्हणाले. ते स्वतः अप्पांच्या शेजारी बसले. पुढे डीजे होता. चौकात जेसीबीच्या बकेटमधून फुलांच्या पाकळ्या टाकल्या. आम्ही शंभर पावलंही गेलो नसू, काटा मध्याच्या वर सरकला.

मी पंप, पट्टा, रेडिएटर, सगळं मनात पुन्हा तपासलं. मग समोरच्या दुकानाच्या काचेत आमची गाडी दिसली. गाडीच्या तोंडावर, हवा आत जायची जाळी असते तिथे, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत मालकांच्या फोटोचा फ्लेक्स ताणून बांधला होता. दरवर्षी बांधतात. चाचणी घेताना तो नव्हता. रेडिएटरला वारा मिळायची वाटच बंद होती.

मी अप्पांच्या कानाशी वाकले. "अप्पा, तो फ्लेक्स सोडा. गाडी गार होईल."

"गप बस," अप्पा पुटपुटले. त्यांची मान घामाने भिजली होती.

"काय म्हणती?" मालकांनी मागे न बघता विचारलं.

मी अडखळत सांगितलं. जाळी झाकली की वारा लागत नाही, दोन मिनिटं थांबून फक्त दोऱ्या सोडल्या तरी पुरे.

मालकांनी काच खाली केली आणि बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "ऐका रे! माझं थोबाड बघून गाडीला ताप आला म्हणती!"

"मंग आमाला कावून येत न्हाई, दादा?" कुणीतरी ओरडलं. खूप हशा झाला. फ्लेक्स तसाच राहिला.

मारुतीच्या पाराशी गाडी उकळली. मालक उतरले. या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला. चावीसाठी.

अप्पांनी चावी काढली, पण दिली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मालक, हिनं खोललं व्हतं. माझं ऐकलं न्हाई. दोन पुस्तकं वाचली अन् लई शाणी झाली. मी हात बी लावला न्हाई गाडीला."

मालकांनी मला विचारलं, "खरं हाय का गं?"

चाचा गर्दीतच उभे होते. ते मागे सरकले. त्यांच्या गॅरेजची जागाही मालकांचीच आहे. फ्लेक्सवर पाकळ्या चिकटल्या होत्या. मी अप्पांच्या मुठीतली चावी बघितली.

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडून पट्टा चुकीचा बसला."

"मंग आजपासनं हिनं गाडीला हात लावायचा न्हाई," मालक म्हणाले, आणि त्यांनी पुढे केलेला हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी फ्लेक्स सोडला. चाचांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत बघितलं आणि काहीही न करता बंद केलं. नंतर मालक हौसेने गाडी घेऊन अंबाजोगाईला आले. मला कॉलेजच्या गेटवर बोलावून घेतलं. शेजारी माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या.

"ये, बघ," त्यांनी मला खिडकीतून काटा दाखवला. "मधोमध. तुजा हात लागला न्हाई तर कशी पळती बघ." मग मुलींकडे वळून म्हणाले, "पोरींनो, हिच्या हातात गाडी दिऊ नका बरं."

स्टेअरिंगवर अप्पा होते. ते मालकांबरोबर हसले. हसताना माझ्याकडे बघत नव्हते, काट्याकडे बघत होते.

"हो, मालक," मी म्हणाले.

या वर्षीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे. नवा फ्लेक्स आधीच्यापेक्षा मोठा केलाय, असं अप्पांनी फोनवर सांगितलं. या वर्षी गाडीला माझा हात लागलेला नाही.