दसऱ्यानंतरचा कंट्रोलर

झिंडेलफिंगेनला ताईकडे गेले की माझं एकच काम असतं: आठ वर्षांच्या भाचीबरोबर कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायची. एरवी मराठीत काहीही विचारा, ती उत्तर जर्मनमध्येच देते. खेळताना मात्र चिडते, आणि चिडली की मराठीत भांडते. त्या भांडणासाठी मी ड्रेस्डेनहून एवढा प्रवास करते. यंदा दसऱ्याच्या रात्री उशिरा पोचले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीची ट्रेन होती. म्हणजे हातात फक्त दुपार.

आणि तिचा कंट्रोलर बंद. स्क्रीनवर नुसतं ‘अनोळखी उपकरण’.

मी त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर, उडवला आणि नवा घ्यायला कंपनीच्या साइटवर गेले. आधी खातं उघडा, मग अटी मान्य करा. केल्या. मग कळलं, हे मॉडेल जुनं, याचा ड्रायव्हर आता मिळणार नाही, नवं मॉडेल बघा. चालती वस्तू कचऱ्यात टाका, असं सरळ सांगायची हिंमत नाही यांच्यात! दुरुस्तीचा हक्क मागत मी दर शनिवारी चौकात पत्रकं वाटते. लोक ती घेतात आणि पुढच्याच कचरापेटीत टाकतात. खरंच दमलेय मी.

“काल तर चालू होतं,” सोफ्यावरून ताईच्या सासूबाई म्हणाल्या. “पूजेला ठेवलं तेव्हा त्याचा दिवा लागला होता की.”

“पूजेला?”

“अगं, दसरा ना! लेकाचा लॅपटॉप ठेवला, सुनेचा मिक्सर ठेवला. मग पोरीचं शस्त्र नको?”

मी वायर उपसली. कंट्रोलरच्या भोकात हळदकुंकू गच्च.

“अहो काकू, भोकात कशाला?”

“भोकात कोण घालतंय? मी वरून वाहिलं. गेलं असेल आत.”

टूथपिकने कोरलं. शेवटी अक्षतेचा एक दाणाही निघाला. वायर लावली, तर स्क्रीनवर कंट्रोलरचं नाव झळकलं. पण गाडी जागची हलेना. हलवणारा ड्रायव्हर मीच उडवला होता, आणि कंपनी तो परत देत नव्हती.

“कापुट?” भाचीने विचारलं.

“हो, कापुट. मेला.”

मला वाटलं, आता उठून खोलीत जाईल. तिने खुर्ची ओढली, माझ्याच खुर्चीला चिकटवली आणि कीबोर्ड मध्ये घेतला. बाणांची बटणं तिची, डावीकडची अक्षरं माझी. पहिल्याच वळणावर आमचे हात एकमेकांत अडकले.

“मावशी, कोपर काढ ना तुझं! मुद्दाम करतेस तू!”

मी काढलं नाही.