फॅक्सची झेरॉक्स

आमच्याकडे फोन नव्हता. नंबर लावून बरीच वर्षं झाली होती, पण तो यायची आशा घरात कुणी बोलून दाखवत नसे. त्यामुळे निवड झाल्यावर संघाच्या फॉर्मवर मी कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी-फॅक्स-झेरॉक्सच्या दुकानाचा नंबर दिला. त्यात विशेष काही नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या मुलांची नोकरीची बोलावणी त्याच मशीनमधून यायची आणि दुकानदारकाका ती स्वतः घरी आणून द्यायचे.

मी आठशे मीटर धावायचे. परदेशातल्या स्पर्धेला निघण्यापूर्वी मुलींची एक तपासणी व्हायची: मुलगी ही मुलगीच आहे ना, याची. मुलांची होत नसे. त्यांच्याबद्दल सगळ्यांची खात्री होती. माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, रक्त घेतलं. मग मला एकटीला पुन्हा बोलावलं आणि एका खोलीत तिघांनी तपासलं. एकानं इंग्रजीत काही सांगितलं, दुसऱ्यानं लिहून घेतलं, तिसऱ्यानं मला कपडे घालायला सांगितले. हे कशासाठी, ते मी विचारलं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी तेव्हा डॉक्टरांना प्रश्न विचारत नसे.

निकाल फॅक्सनं आला तेव्हा मी सरावाला गेले होते. काकांचं इंग्रजी बेताचं, आणि कागदावर तातडीचा शिक्का. त्यांना काळजी वाटली. त्यांनी समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांना बोलावून तो वाचून घेतला. मास्तरांनी तो मोठ्यानं वाचला, अर्थासकट. शिकवायची सवय. दुकानात दोघं-तिघं उभी होती. फॅक्सचा कागद काही दिवसांत पुसट होतो, म्हणून महत्त्वाच्या फॅक्सची काका आठवणीनं झेरॉक्स काढत. माझ्याही दोन काढल्या. एक आम्हाला, एक त्यांच्या फायलीत, आमची हरवली तर असावी म्हणून. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

मी घरी आले तेव्हा आई ती प्रत हातात घेऊन बसली होती. मास्तरांनी बाजूला पेन्सिलीनं सुवाच्य अक्षरात मराठी अर्थ लिहिला होता: स्त्री गटात खेळण्यास अपात्र.

"चहा घेतेस?" आई म्हणाली.

मी घेतला. मला काहीच वाटलं नाही. असं काही कळलं की माणूस कोसळतो म्हणतात. मी दोन पोळ्याही खाल्ल्या.

संध्याकाळी आमचे प्रशिक्षक आले. "कुणाला काही सांगायचं नाही. गुडघा दुखावला म्हणायचं," ते म्हणाले. चपला घालताना थांबून म्हणाले, "तुला वाटेल आपल्यावर अन्याय झाला. पण दुसऱ्या नंबरवरच्या मुलीचाही विचार करायला हवा. तिच्यावर अन्याय नको." मी मान हलवली. ते काही खोटं बोलत नव्हते. तिच्या जागी मी असते तर मला काय हवं असतं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मग मी लंगडायला लागले. सगळ्या गल्लीला खरं माहीत होतं आणि सगळी गल्ली गुडघ्याची चौकशी करत होती. कुणी तेलाची बाटली दिली, कुणी हाडवैद्याचा पत्ता. मास्तरांनीसुद्धा विचारलं, "काय म्हणतोय गुडघा?" मी म्हटलं, बरा आहे. एकदा मी चुकून भलत्याच पायानं लंगडले. कुणी काही बोललं नाही. समोरच्याची चूक दिसूनही गप्प राहणारे पुणेकर मी तेव्हाच काय ते पाहिले.

मैदान सुटलं. दुपारी मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. तेव्हा चौकाचौकात क्लास निघत होते. खराडीतल्या आयटी कंपनीतली माझी आजची नोकरी ही त्या लंगडण्याचीच कमाई.

महिनाभरानं ती दुसऱ्या नंबरवरची, आता माझ्या जागी जाणारी मुलगी घरी आली. शहराबाहेरच्या मांजरी गावाहून, दोन बस बदलून. तिनं गुडघ्याचं नावही काढलं नाही.

"तिथं काय काय करत्यात?" तिनं विचारलं.

मी काडी सांगितली, रक्त सांगितलं.

"आन् तेवढ्यानं नाय भागलं तर?"

मग मी तेही सांगितलं. खोली, तिघं, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, आणि माझा आवाज वाण्याला यादी सांगावी तसा सपाट येत होता.

"माझी पाळी बी येळेवर येत नाय," ती म्हणाली.

"पळणाऱ्या मुलींचं होतं तसं. तुझं काही निघणार नाही."

"तुला बी तसंच वाटलं आसंल."

तिनं आईला नमस्कार केला आणि ती गेली.

स्पर्धेला ती गेलीच नाही. घरी लग्नाचं बघतायत, असं तिनं संघाला कळवलं आणि मैदानावर यायचंही बंद केलं. तिसरीला पाठवलं. प्रशिक्षकांनी मला हे रस्त्यात उभ्याउभ्या सांगितलं. माझ्या निकालाच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी दार लावून ओरडून रडले. जिच्यावर अन्याय नको म्हणून मला काढलं होतं, तिला मीच, खरं सांगून, घरी बसवलं होतं.